पंधरा पौंडाचा काटा आणि मटकीची उसळ: अंबडमधली एक केस

४०० पाऊच बनवले होते, त्यातले ११ फुगले. ही केस त्या अकरांची आहे, खरं तर त्यातल्याही दोघांची.

आमचं युनिट नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, छोटंसं, अठरा-वीस माणसं, मी तिथं क्वालिटी बघते. आधी फक्त चटण्या आणि मसाले करायचो, मग ट्रेकवाल्या पोरांची विचारणा यायला लागली की ताई हरिहरला नाहीतर कळसूबाईला न्यायला तयार भाजी मिळेल का, पाऊच गरम पाण्यात टाकला की झालं असं काहीतरी, आणि त्यातून मालकांच्या डोक्यात आलं की रिटॉर्ट घेऊया, म्हणजे सीलबंद पाऊच वाफेच्या दाबाखाली शिजवायचं मोठ्या कुकरसारखं मशीन, आणि रिटॉर्ट आलाच आहे तर मग जवानांच्या रेशन पॅकसाठी पण सॅम्पल तयार करून बघू. नाशिकमध्ये राहून हा विचार येणारच हो. इकडे देवळालीला तोफखान्याचं स्कूल, फाळणीच्या आधीच काकूलहून, म्हणजे आताच्या पाकिस्तानातून, इथं आलेलं, तिकडे नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर, आणि कुठल्याही गल्लीत बघा एक तरी फौजी रिटायर होऊन घर बांधून राहिलेला.

तसेच एक आमच्या माहेरच्या शेजारचे. आम्ही त्यांना सुभेदार काकाच म्हणतो, लहानपणापासून. मालकांनी सॅम्पलचं ठरवल्यावर मी सगळ्यात आधी त्यांच्याकडे गेले, म्हणलं काका, तुम्ही लोक पॅकमधलं काय खायचात, काय आवडायचं. त्यांनी चवीचं नंतर सांगितलं, आधी हे सांगितलं: "पोरी, लंगर, म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर, चालू असेपर्यंत पॅकला कोणी हात लावत नाही. लंगरचं गरम जेवण जिथं पोचत नाही तिथं पॅक फुटतो. म्हणजे माणूस आधीच दमलेला, झोप नाही, पाणी मोजून. तिथं पोट बिघडलं तर जवळ दवाखाना नाही. आणि एकाचं बिघडत नाही, सगळ्या पोस्टला एकाच लॉटचं आलेलं असतं." हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. पुढं जे झालं त्यात मला हे वाक्य फार वेळा आठवलं.

मेनू मटकीच्या उसळीचा ठरला. नाशिकचा माणूस दुसरं काय निवडणार, आणि मटकीत प्रोटीन पण चांगलं, पोटभरीची, चपातीबरोबर चालते भाताबरोबर चालते. ३०० ग्रॅमचा पाऊच.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण लोकांना वाटतं की यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं. नसतं. अन्न पाऊचमध्ये भरून सील करायचं आणि मग पाऊचसकट शिजवून आतले जंतू मारायचे, बाहेरून नवे आत जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच. ही आयडिया फ्रान्समधल्या निकोला अपेरची, सैन्याला टिकाऊ अन्न मिळावं म्हणून तिथल्या सरकारनं केलेल्या प्रयत्नांतून पुढं आलेली, १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक मिळाले. तो काचेच्या बाटल्या वापरायचा. अन्न का टिकतं हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, जंतूंचं काम पाश्चरनं पुढं पन्नासेक वर्षांनी दाखवलं. बाटलीनंतर टिनचे डबे आले, आणि डब्यानंतर पाऊच. अमेरिकन सैन्याचे एमआरई म्हणतात ते पॅक १९८१ पासून डब्यांच्या जागी यायला लागले, एका पॅकमध्ये साधारण १,२५० कॅलरी आणि २७ डिग्रीला ठेवला तर तीन वर्षं टिकतो असं धरतात. आपल्याकडे हे काम म्हैसूरच्या डीएफआरएलनं केलं, डीआरडीओची फूड लॅब, १९६१ ची, आज बाजारात जे रेडी टू ईट पाऊच दिसतात त्यातल्या बऱ्याच तंत्राचं मूळ तिथं आहे.

पाऊच दिसायला पिशवी पण आत तीन थर असतात, बाहेर पॉलिस्टर, मधे ॲल्युमिनियमची पातळ फॉइल, आत पॉलिप्रॉपिलिन, तेच वितळून सील बसतं. डब्यापेक्षा हलका, ओपनर लागत नाही, खिशात सपाट बसतो, आणि सपाट असल्यामुळे उष्णता मधोमध लवकर पोचते म्हणून अन्न जास्त शिजून लगदा होत नाही.

आणि मारायचं कोणाला, तर क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. हा मातीतला जंतू. नुसता उकळून मरत नाही कारण तो बीजाणू बनवून बसतो, बी सारखा, टणक. हवा नसलेल्या जागी, कमी आंबट अन्नात, म्हणजे पीएच ४.६ च्या वर, तो उगवतो आणि विष सोडतो. आमची उसळ पीएच ६ च्या आसपास, पाऊच हवाबंद, म्हणजे त्याच्यासाठी अगदी सोयीचं घर. त्याला मारायचा हिशोब १२१.१ डिग्रीवर करतात. त्या तापमानाला ०.२१ मिनिटात दहातले नऊ बीजाणू मरतात, मग परत ०.२१ मिनिटात उरलेल्यातले नऊ दशांश, असं बारा वेळा करायचं, म्हणजे साधारण अडीच मिनिटं. ही मिनिटं पाऊचच्या मधोमध मिळायला हवीत, बाहेर नाही. याला एफ-झिरो म्हणतात. कोणीही अडीचवर थांबत नाही, तीन ही अगदी खालची पायरी, आमच्या चार्टप्रमाणे सहा मिळायला हवा होता.

तो चार्ट. रिटॉर्ट आम्ही सेकंडहँड घेतलेला, किनाऱ्यावरच्या एका मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यातून, मशीन दणकट होतं, त्याबद्दल आजही तक्रार नाही. त्याच्याबरोबर लॅमिनेट केलेला एक कागद आला, त्यावर लिहिलेलं पंधरा पौंड प्रेशर, आणि पुढं कुठल्या आकाराला किती मिनिटं. आमच्या रिटॉर्टवाल्या दादांनी तो कागद मशीनला तारेनं बांधून टाकला. मशीनला तापमानाचा जुना डायल होता पण त्याची काच धुरकट, काटा कधी हलायचा कधी नाही, म्हणून सगळे प्रेशरच्या काट्यावर चालवायचे. काटा पंधरावर आला की घड्याळ चालू. मी पण मान्य केलं. हे मी इथं स्पष्ट लिहिते कारण क्वालिटीच्या कागदावर सही माझी होती.

पहिली बॅच ४०० ची. रात्रभर भिजवलेली मटकी मोड आणून घेतली, फोडणी, कांदा-लसूण मसाला, वर चांगली तर्री आली पाहिजे असं मालकांचं म्हणणं, कारण तर्री नसेल तर नाशिकच्या माणसाला ती उसळ उसळ वाटत नाही. भरलं, सील केलं, रिटॉर्ट केलं, पुसून ट्रेमध्ये ठेवलं. मग नियमाप्रमाणे पाऊच ३७ डिग्रीला चौदा दिवस ठेवले. हे इन्क्युबेशन म्हणजे एक प्रकारे जंतूंना आमंत्रण असतं, आत कोणी जिवंत असेल तर ये बाबा, वाढ, आणि आम्हाला दिस.

पाचव्या दिवशी पहिला फुगला. नवव्या दिवशी आणखी चार. चौदाव्या दिवसापर्यंत ११.

मालकांचा पहिला अंदाज, आणि माझाही, सीलचा होता. कारण उघड दिसत होतं. भरताना नळीतून शेवटी तेलाचा थेंब पडायचा आणि तो पाऊचच्या तोंडाला आतून लागायचा, तर्रीचा तो लालसर पट्टा सीलमध्ये अडकलेला डोळ्यांनी दिसायचा काही पाऊचला. तेल लागलेल्या जागी प्लास्टिक प्लास्टिकला नीट चिकटत नाही, बाहेरून बघायला सील बसलेलं पण आत एक बारीक वाट राहते. आणि रिटॉर्टमधून बाहेर येताना पाऊच गरम असतो, गार होताना आत ओढ निर्माण होते, त्या वाटेनं गार करायचं पाणी आत खेचलं जातं, पाण्यात क्लोरीन पुरेसं नसेल तर जंतूसकट. वर आमच्या बायका ओले पाऊच हातानं उचलून ट्रेमध्ये लावत होत्या. ओला पाऊच हाताळायचा नाही हा या धंद्यातला जुना नियम, मला वाचून माहीत होता, फ्लोअरवर मी तो लावला नव्हता.

पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावला तर अकरापैकी नऊ पाऊचमधून सीलच्या त्याच बाजूनं बुडबुडे आले. म्हणजे झालं, कारण सापडलं, सीलचं तोंड पुसा, नळी बदला, हातमोजे घाला, दुसरी बॅच लावा. मालक तर दुसऱ्या दिवशी मटकी भिजवायला सांगून मोकळे झाले होते.

पण दोन पाऊचमधून एक बुडबुडा आला नाही. परत केलं, नाही आला. सील हातानं सोलून बघितलं तर असं घट्ट की फॉइल फाटली पण सील सुटलं नाही.

मग मी अकराही पाऊच बाहेरच्या लॅबला दिले. लॅबच्या मॅडमनी रिपोर्ट हातात द्यायच्या आधी फोनच केला. नऊ पाऊचमध्ये जंतूंची खिचडी होती, गोल जंतू, काठीसारखे जंतू, यीस्टसुद्धा, म्हणजे बाहेरून आलेले, कारण असले नाजूक जंतू रिटॉर्टमधून जिवंत निघूच शकत नाहीत. आणि त्या दोन घट्ट सीलवाल्यांमध्ये एकाच प्रकारचे, काठीसारखे, बीजाणू बनवणारे, ऑक्सिजन नसताना वाढणारे. मॅडम म्हणाल्या, "नऊ तुमच्या पॅकिंगचे. हे दोन बाहेरून आलेले नाहीत, हे आतच होते आणि तुमच्या रिटॉर्टनं ते मारले नाहीत."

मला त्या दिवशी घरी जाताना गाडी पाथर्डी फाट्याला बाजूला घेऊन थांबावं लागलं. नऊ पाऊचचं मला वाईट वाटलं होतं, पण दोनचं भय वाटलं. कारण गळका पाऊच त्या एका पाऊचचा प्रश्न असतो. कमी शिजलेला पाऊच म्हणजे सगळ्या बॅचचा प्रश्न, उरलेल्या ३८९ पाऊचलाही तेवढीच उष्णता मिळालेली, फक्त त्यांच्यात बीजाणू नव्हते किंवा अजून उगवले नव्हते. आणि बोटुलिनमचं अन्न दरवेळी फुगतंच, वास येतोच असं नाही. अंधारात टॉर्च न लावता पाऊच फाडून खाणारा माणूस काय बघणार आणि काय वास घेणार.

दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं की मटकी भिजवलेली असेल तर घरी वाटून टाका, मशीन बंद. ते चिडले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे, त्यांनी फक्त विचारलं की मग कसं शोधायचं.

शोधायचा एकच मार्ग, पाऊचच्या पोटात सुई घालून तापमान मोजायचं. थर्मोकपल आणि डेटा लॉगर चार दिवसांसाठी भाड्यानं आणले, बारा पाऊचच्या मधोमध सुया बसवल्या, रिटॉर्टमध्ये वर, खाली, मधे, कोपऱ्यात ठेवले, दोन सुया नुसत्या वाफेत. आणि दादांना सांगितलं की रोज चालवता तसंच चालवा, जराही वेगळं नको.

काटा पंधरावर गेला. दादांनी घड्याळ चालू केलं. आणि लॉगरवर वाफेचं तापमान १२१.१ च्या ऐवजी ११९.९.

आधी वाटलं सुई खराब असेल. दुसरी सुई, तेच. काटा तपासून घेतला, काटा बरोबर होता, पंधरा म्हणजे पंधराच. मग हा एक डिग्री आणि वरचे दोन दशांश गेले कुठं, यावर आम्ही तिघं अख्खी दुपार बसलो, स्टीमचा व्हॉल्व्ह, पाईप, सगळं बघून झालं. संध्याकाळी मी घरी कुकर लावताना सासूबाई म्हणाल्या की पुण्याला नाहीतर इकडे डाळीला मुंबईपेक्षा एक शिट्टी जास्तच लागते बघ, त्या जन्मानं दादरच्या, आणि मी ओट्याजवळ उभीच राहिले.

प्रेशरचा काटा बाहेरच्या हवेच्या वर किती, एवढंच दाखवतो. बाहेरची हवाच कमी असेल तर आतलं एकूण प्रेशरही कमी, आणि वाफेचं तापमान एकूण प्रेशरवर ठरतं. समुद्रकिनाऱ्यावर काट्याचे पंधरा पौंड म्हणजे १२१ डिग्री. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. इथं बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ एक पौंडानं कमी, म्हणजे तेच १२१ मिळवायला काटा सोळावर न्यावा लागतो. मशीन ट्रकमधून कसारा घाट चढून नाशिकला आलं, कागदावरचा आकडा मात्र खाली किनाऱ्यावरचाच राहिला.

एक डिग्रीनं काय होतं असं कोणालाही वाटेल, मालकांना पण वाटलं. पण जंतू मारायचा वेग तापमानाबरोबर फार झपाट्यानं बदलतो, दहा डिग्री कमी झाले तर वेग दहापट कमी, म्हणून १.२ डिग्री कमी झाले की वेग साधारण पाऊण पट उरतो. चार्टवरचा सहाचा एफ-झिरो इथं न काही करता साडेचारवर आला. साडेचार अजूनही तीनच्या वर आहे, इथंच थांबलं असतं तर ते दोन पाऊच कदाचित फुगलेच नसते आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

पण मागच्या खालच्या कोपऱ्यातली सुई ११७.५ दाखवत होती. तिथं हवा अडकलेली. वाफ सोडली की ती आधी आतली हवा बाहेर ढकलते, त्यासाठी वरचा व्हेंट काही मिनिटं उघडा ठेवायचा असतो, आपल्या घरी बाई आधी कुकरमधून वाफेचा झोत येऊ देते आणि मगच शिट्टी ठेवते तेच हे. दादा व्हेंट लवकर बंद करायचे, वाफ वाचते म्हणून, आणि पाऊच फुटू नयेत म्हणून कॉम्प्रेसरची हवाही थोडी आधीच सोडायचे. पाऊचला गार करताना बाहेरून हवेचा दाब द्यावाच लागतो नाहीतर आतल्या वाफेनं तो फाटतो, ते बरोबरच, पण शिजत असतानाच हवा घुसली तर काट्याला वाफ आणि हवा यातला फरक कळत नाही, तो दोघांची बेरीज दाखवतो. काटा पंधरा, त्यातली वाफ मात्र कमी. ११७.५ ला वेग निम्म्याहून कमी. त्या कोपऱ्यातल्या पाऊचचा एफ-झिरो अडीचच्या आसपास निघाला.

आणि त्याच्यावर जाडी. चार्ट सपाट पाऊचचा धरून मिनिटं मोजलेली, आमची मटकी रिटॉर्टमध्ये आणखी फुगायची, रस्सा पिऊन घट्ट व्हायची, आणि ट्रेमध्ये पाऊच एकावर एक दाटीनं लावल्यामुळे मधे पोट यायचं. पातळ रश्श्यात उष्णता फिरत फिरत जाते, घट्ट उसळीत ती दाण्यादाण्यातून झिरपत जाते, आणि झिरपण्याचा नियम असा की जाडी सव्वापट झाली तर वेळ साधारण दीडपट लागतो. त्या कोपऱ्यातल्या सगळ्यात जाड पाऊचचा आकडा १.९ आला. मी तो दोनदा मोजला.

त्यात मटकी मातीतून येते, मसाल्यात बीजाणू भरपूर असतात, आणि आम्ही मोड आणायला ती रात्रभर उबेला ठेवायचो, म्हणजे जंतूंना वाढायला आणखी आठ-दहा तास. बोटुलिनमपेक्षाही चिवट बीजाणू असतात, ते १.९ ला आरामात वाचणार. ते दोन पाऊच फुगले याचं मला आज बरंच वाटतं.

उरलेले सगळे पाऊच फाडून, मालकांच्या समोर, बॉयलरच्या राखेबरोबर पुरले. एकही पाऊच ट्रेकवाल्यांना सुद्धा गेला नव्हता, नाहीतर मी हे असं शांतपणे लिहू शकले नसते.

बदल काय केले ते थोडक्यात. तापमानाचं डिजिटल यंत्र बसवलं, दोन सुया, एक व्हेंटजवळ आणि एक त्याच कोपऱ्यात, आणि घड्याळ काट्यावर नाही, थंड सुईच्या तापमानावर चालू होतं. व्हेंट सात मिनिटं. ट्रेला पट्ट्या लावून पाऊचची जाडी बांधून टाकली, त्यापेक्षा जाड असला तर झाकणच बसत नाही. मोड आणणं बंद केलं नाही, मालक ऐकेनात, पण आता थंड खोलीत. तो लॅमिनेटचा कागद दादांनी स्वतः काढला.

तर्रीचा प्रश्न मात्र लवकर सुटला नाही. तेल सीलला लागतं म्हणून मला तर्री कमी करायची होती आणि मालकांना ती हवीच होती. सुभेदार काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मिसळीला तर्री वेगळ्या वाटीत देतात ना, तशी वेगळी द्या." आम्हाला सगळ्यांना हे एकदम पटलं, छोट्या पाऊचमध्ये नुसती तर्री. बरं झालं की आधी लॅबच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तेलात अडकलेला बीजाणू कोरडा असतो, आणि कोरडा बीजाणू ओल्यापेक्षा कितीतरी पटीनं चिवट, तेलाच्या पाऊचला तुमचा सहाचा हिशोब लागूच होत नाही, आणि त्यात लसूण, तोही मातीतूनच येणारा. म्हणजे आम्ही सील वाचवायला जाऊन त्याच जंतूला आणखी चांगली जागा करून देणार होतो.

शेवटी काकांनीच दुसरी वाट दाखवली, आणि ती त्यांच्या नोकरीतून आलेली. त्यांना उंचावरच्या पोस्टवर एक हिवाळा काढायला लागला होता. ते म्हणाले की पॅकमधल्या भाजीवरचं तेल तिथं पांढरा गोळा होऊन बसतं, चमच्यानं बाजूला सारावं लागतं, गरम करायला जावं तर पाणी उकळतं पण नीट तापत नाही, बरोबरच आहे, ५,००० मीटरवर पाणी ८३ डिग्रीच्या आसपासच उकळतं. उंचीवर भूक मेलेली असते, वर तेलाचा गोळा बघितला की पोरं पॅक तसाच टाकून देतात, आणि पॅकवरच्या कॅलरी छापलेल्याच राहतात, पोटात जात नाहीत. "झणझणीत लागलं तर खातील," एवढंच त्यांचं म्हणणं. मग आम्ही उसळीतलं तेल निम्मं केलं आणि बरोबर कांदा-लसूण मसाल्याची कोरडी पुडी दिली, पूर्ण वाळवलेल्या मसाल्याची. कोरड्यात काही उगवत नाही. मसाले तर आम्ही वर्षानुवर्षं करतच होतो, घरातली गोष्ट, आणि आम्ही मशीनभोवती दोन महिने फिरत होतो.

दुसरी बॅच परत ४०० ची. लॉगरमध्ये सगळ्यात थंड पाऊचचा एफ-झिरो ७.१. चौदा दिवस ३७ डिग्रीला, एकही फुगला नाही. काही पाऊच ५५ डिग्रीलाही ठेवले, कारण राजस्थानात उन्हात उभ्या ट्रकमध्ये काय होत असेल तेही बघायला हवं, आणि त्या उष्णतेला उगवणारे आणखी चिवट जंतू वेगळेच असतात. तिथंही काही नाही. फक्त मटकी आता थोडी जास्त मऊ लागते, ते मला अजून जमलेलं नाही, भिजवायचा वेळ कमी करून बघतेय.

सॅम्पल अजून कुठंही दिलेलं नाही. वर्षभर टिकतो असं पाऊचवर छापायचं असेल तर वर्षभर ठेवून बघितलं पाहिजे असं मी मालकांना सांगितलं, त्यांनी गोडाऊनमध्ये एक रॅक त्यासाठी मोकळा केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका देवळालीहून येतात, मी एक पाऊच लॅबसाठी बाजूला काढते आणि एक थंडगारच त्यांच्यापुढं फाडते, गरम करायचा नाही अशी त्यांचीच अट. या महिन्यात सहावा झाला. वास ठीक, सील घट्ट, हळदीचा रंग जरा काळपटलाय. काकांनी अर्धी पुडी मसाला टाकून सगळा पाऊच संपवला, चमचा पुसला आणि वहीत तारीख घालून सही केली.